लुसीलच्या घरी एकदाच विचारतात

ही सहावी खेप. बेलव्ह्यूहून घाट ओलांडून तीन तास तिकडे, तीन तास परत, आणि पदरात काय, तर एका म्हातारीने हवेबद्दल काढलेली चार वाक्यं. शोभना गाडीत बसल्यापासून धुमसत होती. बाहेर फेब्रुवारीचं बर्फ, चाकांना साखळ्या लावाव्यात की नाही यावर गुरुदत्तचं प्रवचन, आणि मागच्या सीटवरची कॅमेऱ्याची पेटी दर वळणाला दारावर जाऊन आपटत होती.

"अहो, ती पेटी बेल्टने बांधा म्हणून कितीदा सांगितलं मी?"

"बांधली होती. तूच लेन्स काढायला सोडलीस."

हे खरं होतं, म्हणून शोभनाला आणखी राग आला.

फिल्मचं खूळ तसं नवऱ्यानेच डोक्यात भरवलेलं. २००१ साली तिच्या कंपनीने शंभर जणांना नारळ दिला, त्यात ती होती. सतरा वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेतलेली बाई घरी बसली की घरातल्यांच्या चुका शोधायला लागते. तीन महिन्यांत गुरुदत्तच्या नाकी नऊ आले आणि त्याने जवळच्या कॉलेजातल्या फिल्ममेकिंगच्या वर्गाची जाहिरात कापून फ्रिजवर लावली. पहिली फिल्म महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीवर झाली, बारा मिनिटांची. आपण तीनदाच दिसतो म्हणून मंडळाचे अध्यक्ष रुसले. त्यानंतर शोभनाने मंडळींवर फिल्म करायची नाही अशी शपथ घेतली.

मग एका शनिवारी लायब्ररीत कुठल्याशा सभेचं शूटिंग करताना तिने डार्लाला ऐकलं. डार्ला रिझर्व्हेशनवर, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या राखीव भूभागावर राहणारी, तिथल्या मासे वाढवण्याच्या केंद्रात नोकरी करणारी, चाळिशीची रुंद खांद्यांची बाई. ती माइकसमोर उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, माझा भाऊ कर्टिस बावीस वर्षांचा होता. जानेवारी २००६ मधल्या एका शनिवारी रात्री तो मित्राच्या घरून आजीकडे पायी निघाला. दुसऱ्या दिवशी तो चौदा मैलांवर सापडला, जिथे एक घर नाही, दुकान नाही. थंडीने गोठलेला. अंगात जाकीट नव्हतं. काउंटी पोलिसांच्या कागदावर लिहिलंय, नशेत भरकटला. साक्षीदार कोणी पुढे आला नाही. उणे अकरा तापमानात नशेत असलेला माणूस चौदा मैल चालला, असं त्यांचं म्हणणं आहे.

शोभनाने त्या दिवशी घरी येऊन जेवण केलं नाही. गुरुदत्त म्हणाला, "हे रेड इंडियन लोकांचं फार वाईट आहे गं." तर ती त्याच्यावरच उखडली. "पहिली गोष्ट, त्यांना तसं म्हणू नका. दुसरी गोष्ट, तुमचे पुढचे सगळे वीकेंड बुक झाले. साउंड तुम्ही करायचा."

आता मुदत आली होती. दोन वर्षं अर्ज करकरून थकलेल्या त्या कुटुंबाला सरकारी वकिलाच्या कचेरीतून एकदाचं पत्र आलं होतं: शुक्रवार, चौदा मार्च २००८, संध्याकाळी पाचपर्यंत नव्या साक्षीदाराचा लेखी जबाब आला, तर फाइल पुन्हा उघडू. नाही तर प्रकरण कायमचं बंद. आणि साक्षीदार असलीच तर एकच होती, कर्टिसची आजी लुसील. तिच्या घराची खिडकी थेट त्या रस्त्यावर. तिने काहीतरी पाहिलंय याची डार्लाला खात्री होती. पण त्या रात्रीचा विषय निघाला की लुसील एवढंच म्हणायची, "माझं बोलून झालंय," आणि उठून जायची. डार्लाला वाटायचं, आजी दुःखाने मिटून गेलीये. घरच्यांना सांगवत नाही ते कदाचित बाहेरच्या माणसाला, कॅमेऱ्याला सांगेल, या एका आशेवर तिने शोभनाला बोलावलं होतं.

आणि लुसील हवेबद्दल बोलत होती.

सहाव्या खेपेलाही येरे माझ्या मागल्या. गुरुदत्तने लाइट लावले. खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर तो नेहमीचा जाडजूड करडा कोट लटकत होता. फ्रेममध्ये तो मेलेल्या अस्वलासारखा दिसायचा. पहिल्या दिवशी शोभनाने कपाळावर आठी घालून म्हटलं होतं, तो आधी हटवा. तेव्हापासून दर वेळी गुरुदत्त तो उचलून आतल्या खोलीत पलंगावर ठेवायचा, आणि दर वेळी आल्यावर पाहावं तर कोट पुन्हा खुर्चीवर. म्हातारीला विसरायचं वय झालंय, असं शोभनाने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"लुसील, त्या शनिवारी रात्री तुम्ही खिडकीशी होतात का?"

लुसील मणी ओवत होती. सुईवरून नजर वर न करता ती म्हणाली, "रात्री वारा सुटेल बहुतेक."

"कर्टिस घरी यायचा होता ना?"

"मागच्या वर्षी याच सुमारास बर्फ कमी होतं."

पाऊण तास हे असं. टेप संपली. शोभनाने गुरुदत्तकडे पाहिलं. तो हेडफोन लावून इतक्या गंभीर चेहऱ्याने बसला होता, जणू वाऱ्याबद्दलची साक्ष नोंदवून घेतोय. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने माइक काढला, कोणाला काही न बोलता स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात आली आणि बर्फात उभ्या उभ्याच डार्लाला गाठलं.

"डार्ला, मला स्पष्ट सांग. तुझ्या आजीला बोलायचं नसेल तर मी येत नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला मी दर शनिवारी घाट ओलांडत नाहीये. चौदा मार्चला तीन आठवडे उरलेत. मला तिचा राग येत नाही, पण मला राग येतोय, आणि तो कोणावर काढायचा हे मला कळत नाही."

डार्ला लाकडं रचत होती. तिने दोन ओंडके ठेवले, हातमोजे काढले. "मी सांगणार नव्हते. तिने सांगू नको म्हटलेलं. पण पहिल्या दिवशी तुम्ही आलात ना, तिने मासा वाढला होता."

"हो. मग?"

"तुम्ही नको म्हणालात."

शोभनाला आठवलं. चुलीवर धुरावलेला सामन, उकडलेले बटाटे, घरभर वास. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि गुरुदत्तचं तर विचारूच नका. वेंगुर्ल्याचा माणूस, माशाच्या नावाने झोपेतून उठणारा. लुसीलने दोन ताटल्या पुढे केल्या तशी शोभना सवयीने म्हणाली होती, "नको, नको, आत्ताच खाऊन आलो," आणि गुरुदत्तने पोटावरून हात फिरवत, "अगदी पोट भरलंय." पहाटे सहाला निघालेली माणसं ती, वाटेत पेट्रोल पंपावरचं एक डोनट दोघांत खाल्लेलं. लुसीलने ताटल्या मागे घेतल्या होत्या आणि ओट्यावर ठेवल्या होत्या. बस्स. पुन्हा विचारलंच नाही. परतीच्या वाटेवर गुरुदत्त पन्नास मैल हळहळत होता.

"मी तिला म्हटलं, इंडियातले लोक मांस-मासे खात नाहीत, म्हणून असेल," डार्ला म्हणाली. "ती म्हणाली, मी त्या माणसाचे डोळे पाहिले. त्याला मासा हवा होता. हवा असून नको म्हणाला. माझ्या घरात पाऊल टाकल्यावर या लोकांनी पहिली गोष्ट खोटी सांगितली. यांना मी खरं कशाला सांगू?"

शोभना बर्फातून दोन पावलं पुढे आली.

"पण... आम्ही एकदाच नको म्हटलं. आमच्याकडे आधी नको म्हणायचंच असतं. मग तुम्ही आग्रह करायचा. मग आम्ही पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा ताटात पडतं. तुम्ही पुन्हा विचारलंच नाहीत."

"आम्ही का विचारू?" डार्लाला खरोखरच कळेना. "तुम्ही मोठी माणसं. नको म्हणालात. नको म्हणणाऱ्या माणसाला जबरदस्तीने खाऊ घालायचं?"

शोभनाने कपाळावर हात मारला. चोपन्न वर्षं. चोपन्न वर्षं ती हे "नको, नको" करत आली होती. आईने शिकवलेलं: कोणाच्या घरी अधाशासारखं हो म्हणायचं नाही, लोक काय म्हणतील. ताकाला जाऊन भांडं लपवणारी जात आपली. आणि त्या एका खोट्या शिष्टाचारापायी एका मेलेल्या पोराच्या सहा शनिवारांची माती झाली होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की रडू येतंय की हसू, हे तिला कळेना.

ती आत गेली. गुरुदत्त वायरी गुंडाळत होता.

"अहो, ठेवा ते. इकडे या. पहिल्या दिवशी तुम्हाला मासा हवा होता की नव्हता?"

"आता काय त्याचं?"

"हवा होता की नव्हता?"

"हवा होता," गुरुदत्त चोरट्या आवाजात म्हणाला. "अजून हवाय."

शोभना लुसीलसमोर जाऊन बसली. पुढचं वाक्य तिच्या जिवावर आलं होतं. मागून खायचं, तेही परक्या घरात, बाईमाणसाने. आई असती तर तिथल्या तिथे चिमटा काढला असता. "लुसील, आम्ही तुमच्याशी खोटं बोललो. पहिल्या दिवशी आम्हाला भूक लागली होती. आम्हाला मासा हवा होता. आमच्याकडे खोटं नको म्हणण्याची पद्धत आहे. ती वाईट पद्धत आहे. आज मासा असेल तर आम्हाला वाढा."

लुसीलने सुई मण्यात खोचली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"खोटं नको म्हणता? मग तुमच्याकडे पाहुणा उपाशी राहतो?"

"नाही. कारण घरचे त्याचं ऐकतच नाहीत. वाढत राहतात."

"म्हणजे एक खोटं बोलतो आणि दुसरा ऐकत नाही," लुसील म्हणाली. "आणि तुम्ही दमत नाही?"

"दमतो," शोभना म्हणाली. "फार दमतो."

लुसील उठली. मासा होता. तिने ताटल्या भरल्या आणि टेबलावर ठेवल्या. गुरुदत्त वेंगुर्ल्यात बसल्यासारखा जेवला. काटा बोटांनी सोलून, डोक्याकडचा भाग मागून घेऊन, शेवटी ताटलीच्या कडेला स्वच्छ काट्यांची ओळ लावून. लुसील ती ओळ बघत राहिली. त्याची ताटली रिकामी झाल्यावर ती म्हणाली, "या माणसाला खाता येतं." मग तिने हात पुसले. "लावा तुमचं ते यंत्र."

लाल दिवा लागलाय ना हे गुरुदत्तने तीनदा पाहिलं.

लुसील सलग बोलली. शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमाराला ती खिडकीशी होती, कर्टिसची वाट बघत. तो रस्त्याने येताना दिसला, नीट चालत होता, घर दोनशे पावलांवर राहिलं होतं. मागून काउंटी पोलिसांची गाडी आली, दरवाजावर चिन्ह असलेली. दोन माणसं उतरली. त्यांनी त्याला मागे बसवलं. गाडी गावाकडे वळली नाही, डोंगराकडे गेली. तिला वाटलं, तुरुंगात नेतायत, सकाळी सोडतील. ती सकाळपर्यंत दिवा लावून बसली.

"हे तुम्ही कोणालाच कसं सांगितलं नाहीत?" शोभनाने विचारलं. विचारताना तिचा आवाज फिल्मवालीचा राहिला नव्हता.

"सांगितलं की."

डार्ला दाराशी लाकडं घेऊन उभी होती. तिने ती तिथेच खाली ठेवली.

"रविवारी तो सापडला. सोमवारी सकाळी मी बसने काउंटीच्या ऑफिसात गेले. तू तेव्हा स्पोकेनला होतीस," ती डार्लाला म्हणाली. "मी त्या माणसाला सांगितलं, मला जे दिसलं ते सांगायला आलेय. तो म्हणाला, घरी जा आजी, गरज लागली तर बोलावू. म्हणजे नको म्हणाला. मी घरी आले. मी सांगितलं होतं. त्यांना नको होतं." तिने खांदे हलवले. "तुला म्हटलं ना मी, माझं बोलून झालंय."

मग ती आतल्या खोलीत गेली आणि तो करडा कोट घेऊन आली. तो तिने कॅमेऱ्यासमोर उलटा केला. आतल्या अस्तरावर, बर्फाने भिजू नये म्हणून तिथे लावलेला, काउंटी ऑफिसात बाहेरच्या माणसाला देतात तो कागदी बिल्ला चिकटला होता. कडा गोळा झालेला. त्यावर लुसीलचं नाव, तेवीस जानेवारी २००६, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं, आणि खाली ऑफिसचा शिक्का.

"दर वेळी मी हा खुर्चीवर ठेवते," ती गुरुदत्तकडे बोट दाखवून म्हणाली. "दर वेळी हा उचलून आत नेतो. मला वाटलं, यांनाही नकोय."

गुरुदत्तची मान खाली गेली. साक्षीदार कोणी पुढे आला नाही, हे ज्या ऑफिसाने लिहिलं, त्या ऑफिसातला तो माणूस आणि ती स्वतः, दोघं एकाच रांगेत बसले होते. एकाने जबाब नको म्हटलं, दुसरीने मासा नको म्हटलं आणि कोट हटवायला सांगितलं. तिला मनापासून लाज वाटली. अशी लाज की तिच्यावर रागही काढता येत नाही.

डार्लाच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी जबाब तीन पानांत लिहून काढला. लुसीलने तो दोनदा ऐकला, एक शब्द बदलायला लावला आणि सही केली. बिल्ल्याचा फोटो सोबत जोडला. वकीलबाई म्हणाल्या, पोस्टाने पाठवू नका, हातात द्या, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. त्यांच्या कोर्टाची तारीख त्याच दिवशी होती, त्यांना येता येणार नव्हतं.

चौदा मार्चला दुपारी चार वाजता लुसील, डार्ला, शोभना आणि कॅमेरा घेतलेला गुरुदत्त काउंटीच्या सरकारी वकिलाच्या कचेरीत काउंटरसमोर उभे होते. लुसीलने तो करडा कोट घातला होता. काउंटरमागचा माणूस जॅकेटची चेन लावत होता.

लुसीलने कागद पुढे केले. "हे माझं म्हणणं आहे. घ्या."

"ज्यांच्याकडे ही केस आहे ते आज लवकर गेले, मॅम. सोमवारी या. किंवा त्या पेटीत टाका, सोमवारी कोणीतरी बघेल."

लुसीलने त्याच्याकडे एक क्षण पाहिलं. मग कागद घडी करून पर्समध्ये ठेवले आणि ती दाराकडे वळली. डार्ला रागाने लाल झाली, पण आजीला थांबवणं तिच्याच्याने होईना.

शोभनाच्या डोक्यात तेव्हा काय आलं हे तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. तिने लुसीलच्या पर्समधून ते कागद काढून घेतले, न विचारता. ती काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभी राहिली आणि लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढताना आणावा तसा चेहरा तिने केला.

"असं कसं? घ्यायलाच हवं."

"मॅम, मी सांगितलं की..."

"तीनच पानं आहेत. थोडंसंच आहे."

"पेटीत टाका ना."

"पेटीत नाही. तुमच्या हातात. आम्ही इतक्या लांबून आणलंय, तुम्ही नको म्हणालात तर आम्हाला वाईट वाटेल."

"मला घ्यायचा अधिकार..."

"शिक्का मारायचा अधिकार आहे ना? तो तिथे ठेवलाय, मला दिसतोय. एकच मारा. एक तरी माराच."

माणूस बसला. उठला. फोन करून आला. शोभना हलली नाही. तो म्हणाला, ऑफिस पाचला बंद होतं. ती म्हणाली, मग पंचवीस मिनिटं आहेत, सावकाश घ्या. तो म्हणाला, कॅमेरा बंद करा; गुरुदत्त, जो आयुष्यात कधी ट्रॅफिक पोलिसाला उलट बोलला नव्हता, म्हणाला, "ही सार्वजनिक जागा आहे," आणि लाल दिवा लागलाय ना ते पाहिलं. शोभना पुन्हा कागद पुढे सरकवायची, तो मागे सरकवायचा, ती पुन्हा पुढे. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला तिला बाहेर काढता आलं असतं. प्रेमाने ताटात वाढतच राहणाऱ्या बाईचं काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

चार वाजून बावन्न मिनिटांनी त्याने शिक्का मारला. शोभनाने पोच मागून घेतली, त्यावरची तारीख वाचली, वेळ लिहायला लावली. मग तिला पाय दुखत असल्याचं जाणवलं.

गाडी परतीच्या वाटेला लागली. लुसील पुढच्या सीटवर ती पोच हातात धरून बसली होती. मग तिने कोटाची बटणं काढली आणि आतल्या खिशात, त्या जुन्या बिल्ल्याला लागून, ती पोच नीट ठेवली.

"तुमच्याकडे पाहुण्याला असं जेवायला घालतात?"

"हो."

"आणि तो जिवंत परत जातो?"

"बहुतेक वेळा."

लुसील हसली. बाहेर बर्फ वितळून शेतांची काळी माती जागोजागी उघडी पडली होती. थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघतच ती शोभनाला म्हणाली, "त्या सोमवारी मी एकटीच गेले होते. तू कुठे होतीस?"

शोभनाला आठवलं. संक्रांत होऊन आठवडा उलटला होता, रथसप्तमी यायची होती. बेलव्ह्यूच्या घरी हळदीकुंकू होतं. तीस बायका आल्या होत्या, आणि ती दारात उभी राहून जाणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर आणखी एक लाडू ठेवत म्हणत होती, असं कसं, घ्यायलाच हवा.